वाकोल्याच्या मोटरची थरथर

दिगू, काल वाकोल्याची मोटर चालू केली. हे सगळ्यांच्या आधी तुला सांगायला हवं होतं, म्हणून लिहायला बसलो. तुझं तेरावं होऊन गेलं. सुमनवहिनी गावी जायची बांधाबांध करताहेत. अंधेरीचं आपलं मोटरदुरुस्तीचं दुकान मी रोज उघडतो, पण फळी एकच काढतो आणि आत बसून राहतो. ज्यांना कळलेलं नाही अशी गिऱ्हाइकं अजून डोकावून विचारतात, "मिस्त्री आहेत का?" त्यांना काय सांगायचं ते मला अजून नीट जमत नाही.

तू गेल्यापासून एक खोड लागली आहे मला. दिसेल त्याला तळहात टेकवतो. भिंतीला, पाण्याच्या पिंपाला, बसच्या खिडकीखालच्या पत्र्याला. बायकोला काळजी वाटायला लागली आहे. परवा देवळाच्या खांबाला हात लावून उभा राहिलो तर पुजाऱ्याने बोलावून प्रसाद दिला. त्याला वाटलं, माणूस भक्तीत बुडालाय. तू मोटरीवर हात ठेवायचास तसा ठेवतो, बोटं सैल, डोळे मिटलेले, श्वास धरून. कळत काहीच नाही. मी वायंडर, मोटरीत तारा भरणारा माणूस, माझी सगळी अक्कल बोटांच्या टोकांत आणि तांब्याच्या तारेत; तळहाताची अक्कल तुझी. तरी ठेवतो. कधी कधी वाटतं, फार लांब कुठेतरी काहीतरी फिरतंय, एकसारखं, न थांबता, आणि त्याची थरथर या भिंतीतून माझ्यापर्यंत येतेय. मग डोळे उघडतो तर नुसती भिंत असते, तिच्यावर मागच्या वर्षीचं कॅलेंडर असतं.

आपलं पहिलं भांडण कुठल्या मोटरवरून झालं, आठवतंय तुला? मला नाही आठवत. मला तर ते एकच लांबलचक भांडण वाटतं, मधूनमधून आपण चहा प्यायला थांबायचो एवढंच. थरथरणारी मोटर दुकानात आली की तू बाकावर मांडी घालून म्हणायचास, "मध्या, तुझं आहे हे." मी तिच्याकडे न बघताच म्हणायचो, "तुझं." मोटर थरथरायची कारणं आपण भावाभावांनी जमीन वाटून घ्यावी तशी वाटून घेतली होती. रोटरचा तोल गेला, बेअरिंग झिजलं, पुली वाकडी बसली, पट्टा एका अंगाला ओढतोय, बोल्ट सैल, खालचा पाया कच्चा, हे सगळं तुझ्या हद्दीत. तिन्ही फेजांतला करंट सारखा नाही, एखादं कॉइल जळलंय, रोटरची दांडी आतल्या आत तुटलीय, हे माझ्या हद्दीत. आणि बाहेरचा स्टेटर आणि आत फिरणारा रोटर यांच्या मधली ती बारीकशी फट, जी चहूकडून सारखी असावी लागते, ती बरोबर आपल्या बांधावर. एका बाजूला फट कमी झाली की त्या बाजूला चुंबकाची ओढ वाढते आणि अख्खी मोटर घुमायला लागते. ओढ माझी आणि फट तुझी. त्या बांधावरून आपण किती भांडलो असू, देव जाणे.

"फट तू ठेवलीस वाकडी," मी म्हणायचो.

"आणि ओढतंय कोण? तुझ्याच तारा ना?" तू म्हणायचास.

निकाल लावायची रीत ठरलेली होती. मोटर पुऱ्या वेगात आली की मी खटका तोडायचो. वीज गेली तरी रोटर आपल्या वेगाने बराच वेळ फिरत राहतो. वीज तोडताक्षणी थरथर गेली तर दोष विजेचा, म्हणजे माझा. फिरणं मंदावेल तशी थरथर मंदावत गेली तर दोष लोखंडाचा, म्हणजे तुझा. खटका पडला की दुकानात शांतता व्हायची. तुझा तळहात मोटरीच्या पाठीवर, मान एका बाजूला कलती. बाहेर घोडबंदर रोडवरचे टांगे, भाजीवाल्याचं ओरडणं, सगळं लांब लांब जायचं. मला ते क्षण फार आवडायचे, दिगू. रोटर फिरता फिरता थांबेपर्यंत आपण दोघं एकाच गोष्टीची वाट बघत असायचो. जगात एवढ्या लोकांना एवढ्या गोष्टींची घाई, आणि आपण एक लोखंडाचा गोळा थांबायची वाट बघत उभे. हे मी तुला कधी बोललो नाही, कारण त्याच्या पुढच्या क्षणाला आपण पुन्हा भांडायला लागायचो.

अजून एक सांगायचं राहिलं. मुलुंडच्या कारखान्यातून मला वायंडिंग खात्यात बोलावणं आलं होतं. तुला मी म्हटलं, मुलुंड लांब पडतं. लांब पडतंच. पण खरं म्हणजे मी जाऊन बघून आलो होतो. सगळ्या मोटरी नव्याकोऱ्या, बाकावर चढतात, फिरतात, उतरतात, पास होतात. भांडायला जागाच नाही. माणसंही भली, हळू आवाजात बोलणारी. मला तिथे दुपारपर्यंत झोप आली असती. हे तुला सांगितलं असतं तर तू मला वेड्यात काढलं असतंस आणि मग आठवडाभर शीळ घालत हिंडला असतास.

मनोरीला गेलो होतो तो दिवस मला सारखा स्वप्नात येतो. सुट्टी काढून आपण चौघं गेलो, तू, मी आणि आपल्या दोघांच्या बायका. मार्व्याच्या धक्क्यावरून होडीत बसलो. वारा पडलेला, शीड नुसतं लोंबत होतं, पाणी इतकं सपाट की आपण पुढे जातोय की काठ मागे जातोय ते कळू नये. तू गप्प बसला होतास. मी विचारलं, "काय रे, होडी लागते काय तुला?"

"नाय रे," तू म्हणालास. "इथे काहीच थरथरत नाही. बरं वाटत नाही मला."

सुमनवहिनी हसून हसून बेजार झाल्या. मग तू वाकलास आणि होडीच्या फळीवर तळहात ठेवलास. खूप वेळ तसाच होतास. नावाडीही वल्हं मारायचं विसरून तुझ्याकडे बघत राहिला. हळूहळू तुझ्या कपाळावरची आठी गेली. "आहे," तू म्हणालास. "खालून आहे. हळू आहे, पण आहे." काय आहे ते मी विचारलं नाही. पलीकडे गेल्यावर माडांच्या सावलीत आपण बोंबील आणि भात जेवलो, आणि तू वाळूत हात खुपसून झोपून गेलास. स्वप्नात मात्र ती होडी पलीकडे पोचतच नाही. पाणी तसंच सपाट, ऊन तसंच पिवळं, तुझा हात फळीवर, आणि आपल्यापैकी कोणालाच कुठे जायची घाई नसते. जाग आली की मी बराच वेळ अंथरुणात पडून राहतो.

त्यानंतर कधीतरी तुझ्या हाताची थरथर सुरू झाली. मला ते नाण्यावरून कळलं. मोटर दुरुस्त झाली की ती चालू करून तिच्या पाठीवर नाणं काठावर उभं करायचं, ही आपल्या दुकानाची रीत. नाणं उभं राहिलं की गिऱ्हाइकाला दुसरं काही समजावून सांगावं लागत नसे. नवे पैसे आले तेव्हा तू वैतागलास, म्हणालास, ही कसली नाणी, फुंकर मारली तर उडतील. म्हणून एक जुना ढब्बू पैसा तू खिशात जपून ठेवला होतास. त्या दिवशी तो तुझ्या हातून पुन्हा पुन्हा पडला. मोटर निर्दोष होती. मी स्टुलावर बसून बघत होतो, आणि मला दिसलं की नाणं मोटरीला टेकायच्या आधीच हलतंय. तू माझ्याकडे बघितलंस. मी तारेचं रीळ शोधायला बाकाखाली वाकलो.

पुढच्या वेळी मी म्हटलं, "आण तो पैसा इकडे, गिऱ्हाइकासमोर मलाही जरा मिरवू दे." तू लगेच दिलास. आयुष्यात मला कुठली गोष्ट तू इतक्या लगेच दिली नव्हतीस. उजवा हात तू खिशात ठेवायला लागलास. चहा आला की म्हणायचास, ठेव, निवू दे, आणि मी बाहेर गेल्यावर प्यायचास. एकदा पट्टा चढवताना, माझ्याकडे पाठ असताना, तू म्हणालास, "मध्या, हल्ली मला सगळ्याच मोटरी थरथरतात."

"मग धंदा वाढेल," मी म्हटलं.

तू हसलास. मीही हसलो. त्या हसण्याचा मला आता राग येतो. पण तेव्हा दुसरं काय म्हणायला हवं होतं ते मला अजूनही सुचलेलं नाही.

अशात दसरा झाला आणि वाकोल्याची भानगड उपटली. द्वारकामावशींची पिठाची गिरणी आपल्याकडे पहिल्यापासूनची. मावशींनी नवरा गेल्यावर ती एकटीने चालवली, तिच्यावर दोन मुलींची लग्नं केली. खाली गिरणी, वर घरमालक फ्रान्सिस आणि अंथरुणाला खिळलेली त्याची म्हातारी आई. दसऱ्यानंतर गिरणी सुरू झाली आणि तिच्याबरोबर थरथर सुरू झाली. दळणाच्या डब्यांची झाकणं वाजायला लागली, वर म्हातारीचा पलंग हलायला लागला. फ्रान्सिस भला माणूस, पण त्याची तरी आईच ना ती. मावशींना म्हणाला, "मम्माचे हाडं दुखतात. डोळा लागत नाय तिचा. नाताळपर्यंत बघतो मी, नंतर गाळा खाली करा. मी तरी काय करू?"

मावशी दुकानात आल्या. रडल्या नाहीत. "दुसरीकडे जागा बघून गिरणी बसवायची आता माझ्यात ताकद नाही," म्हणाल्या. "मोटर नीट झाली तर गिरणी राहील, नाहीतर विकून टाकते आणि मुलीकडे जाऊन बसते भांडी घासत." मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "पण तुम्ही आधी काय ते ठरवून घ्या, कोणाचं आहे ते." अख्ख्या वाकोल्याला आपलं भांडण पाठ होतं.

आपण दोघं गेलो. मी खटका तोडला. थरथर तिथल्या तिथे गेली, पट्टा फिरतोय, जातं फिरतंय, आणि मोटर मात्र गप्प. "तुझं," तू म्हणालास. पण तुझ्या आवाजात नेहमीची मजा नव्हती. मी तारा तपासल्या. तिन्ही फेज सारखे, वायंडिंग खणखणीत. मला ठाऊक होतं की हे माझं नाही. मग उरलं काय? आपल्या बांधावरची ती फट, आणि मोटरीचा पाय नीट आवळला नसेल तर ती बिघडते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पट्टा ताणायला तू मोटर तिच्या खालच्या लोखंडी रेलवर मागे सरकवली होतीस आणि तिच्या पायांचे बोल्ट तूच आवळले होतेस. तेवढ्यात जिन्यावरून फ्रान्सिस मावशींना म्हणाला, "मिस्त्रीचा हात आता पयल्यासारखा नाय." तू ऐकलंस. तुझा हात खिशातच होता. खाली बसून ते बोल्ट तपासायचं माझं धाडस झालं नाही. एखादा सैल निघाला असता तर मी काय केलं असतं?

म्हणून म्हटलं, "माझंच असणार. वायंडिंग बदलून टाकतो."

"हरलास?"

"हरलो."

"तू?" तू म्हणालास. "मागे पार्ल्याच्या पंपाला वीज तोडून थरथर गेली तर तू मला दिवसभर फेज मोजून दाखवत होतास. आणि आज एका वाक्यात हरलास?"

"म्हातारा झालो."

मग तुझा आवाज एकदम गावचा झाला. "माका फसवतंस, मेल्या? माका?"

मावशी डब्यांआड जाऊन उभ्या राहिल्या. मी मोटर सोडवायला लागलो. बोल्ट हलेनात. पान्यावर पाइप घालून लोंबकळलो तेव्हा कुठे एकेक कुरकुरत सुटला. मला वाटलं, पिठाने आणि गंजाने धरले असतील. तू भिंतीला टेकून बघत होतास. हातगाडीवर मोटर घालून आपण अंधेरीला आलो, तू गाडीच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. रेल्वेच्या फाटकापाशी उभे होतो तेव्हा मला वाटलं होतं, आता बोलशील. मी दुकानात चांगलं वायंडिंग उसवायला घेतलं. तू दारात बसला होतास.

"तार काळी नाही, मध्या."

"नाही."

"मग काढतोस कशाला?"

मी तार उसवत राहिलो. तू उठून गेलास. नंतर दोन-चार दिवस दुकानात आपलं नुसतं हं आणि हूं चाललं होतं. नवं वायंडिंग झालं, वार्निश लावून स्टेटर भट्टीत वाळत ठेवला. तू दुपारी घरी गेलास, छातीत जड वाटतंय म्हणून. परत आला नाहीस. बातमी आली तेव्हा दुकानात वार्निशचा वास होता आणि भट्टी गरम होती. मी ती बंद करायची विसरलो नाही, हे मला नंतर फार विचित्र वाटलं.

तुझा मला राग आला होता, दिगू. खोटं कशाला सांगू? माणसं तुला हार घालत होती आणि मी मनात म्हणत होतो, भांडण अर्धवट टाकून जातात काय असं? तुझ्या स्वभावात नव्हतं ते. तू तर चहा अर्धा टाकून भांडण पुरं करणारा माणूस.

तेराव्याला सगळे पांगल्यावर सुमनवहिनींनी मला चहा दिला. माझ्या हातातल्या कपाकडे बघत म्हणाल्या, "हे दोन हातांनी धरायचे कप. सकाळी कोणी नसताना. मला म्हणाले, मध्याला सांगू नकोस." मी विचारलं, का? वहिनी म्हणाल्या, "म्हणाले, त्याला कळलं तर तो माझ्याशी भांडायचा नाही."

मी चहा पिऊन टाकला. पोळला, पण पिऊन टाकला. वाकोल्याला मी हरलो म्हणालो तेव्हाच तुला कळलं असणार की मला कळलंय. तुला राग मी हरल्याचा नव्हता, भांडण सोडल्याचा होता. एवढी साधी गोष्ट समजायला मला तुझं तेरावं उजाडावं लागलं.

काल मोटर घेऊन गेलो. नाताळ आता जवळ आलाय, वाकोल्यात दारोदार कागदाचे तारे लागलेत. गिरणीत झरोक्यातून उन्हाचा पट्टा येतो ना, त्यात अजून पीठ तरंगत होतं, इतके दिवस गिरणी बंद असूनही. जसं काही ते खाली बसायलाच तयार नव्हतं. त्या उन्हात मला तू दिसत होतास, भुवया पांढऱ्या, कान पांढरे. मी रेल फडक्याने पुसली, मोटर ठेवली, पट्टा चढवला, होता तेवढा जोर लावून बोल्ट आवळले. मावशींनी हात जोडले. खटका टाकला. झाकणं वाजायला लागली. जरा हळू, पण वाजायला लागली. वर म्हातारी खोकली.

मी धान्याच्या पोत्यावर बसलो. मावशींनी भिंतीवरची देवाची तसबीर उतरवून पदराने पुसायला घेतली, सामान हलवायच्या आधी बायका पुसतात तशी. ते मला बघवेना. मग तू जिवंत असतास तर मला कधी करू दिलं नसतंस ते मी केलं. तुझ्या हद्दीत शिरलो. चालू मोटरीच्या पायाशी बसलो, पाना लावला आणि एकेक बोल्ट जरासा सैल करून पुन्हा आवळत गेलो. पुढचे दोन, काही नाही. मागचा भिंतीकडचा, काही नाही. मागचा शेवटचा अर्धा फेरा सैल केला, आणि झाकणं वाजायची थांबली.

मावशींचा हात तसबिरीवर तसाच राहिला. पट्टा फिरत होता, जातं फिरत होतं, आणि सगळी गिरणी गप्प झाली होती. वरून फ्रान्सिसने विचारलं, "बंद केली काय?"

"चालूच आहे," मावशी म्हणाल्या.

मोटर थांबवून मी तो पाय उचकटला. खाली रेलला एक पापडी चिकटली होती, वरून राखाडी, रेलच्या रंगासारखीच, दगडासारखी टणक. चाकूने खरवडली तर आतून पिवळी आणि लाल निघाली. हळदीचा वास आला. चिरडलेले तांदळाचे दाणे होते तिच्यात. मावशी वाकल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई. अक्षता."

मग सगळं आठवलं. खंडेनवमीला मावशींनी मोटरीची पूजा केली होती, तिच्या चारही पायांशी हळदकुंकू आणि अक्षता वाहिल्या होत्या. नारळ मी फोडला आणि निम्मं पाणी त्या रेलवर सांडलं. पीठ तर तिथे बारमाही. नंतर तू पट्टा ताणायला आलास तेव्हा मावशी विचारत होत्या, झाडून घेऊ का? आणि तू म्हणालास, "पायाशी वाहिलेलं झाडायचं नाही, राहू दे, काय होतंय?" मोटर मागे सरकली ती एका पायाने त्या सगळ्यावर चढली. तू बोल्ट आवळलास. खाली चिखल दाबला गेला, वाळला आणि दगड झाला. एक पाय वर, आणि बोल्ट त्याला खाली खेचतोय. मोटरीचं अंग जरासं पिळवटलं, आतली फट एका बाजूला कमी झाली. म्हणून वीज असेपर्यंत ओढ, आणि वीज गेली की सगळं शांत.

पण खरी गोष्ट मला पापडी हातात धरल्यावर कळली. ते ओतीव बिडाचं अंग आहे, दिगू. ते पिळवटायला किती जोर लागतो? सैल हाताने आवळला असता तर तो पाय जरा अधांतरी राहिला असता आणि मोटर गप्प फिरली असती. पाइप घालून लोंबकळलो होतो मी तुझ्या बोल्टांना. गंज नव्हता तो. आणि काल थरथर कमी का होती तेही उमगलं. मी आवळलं होतं, तू नाही. तुझ्या हातात ताकद होती म्हणून वाकोल्याची गिरणी हलली. कप धरताना काय होत असेल ते असो, पाना धरल्यावर तुझा हात तुझाच होता. मला रडू आलं. मावशींसमोर आलं, पण त्यांना वाटलं, डोळ्यात पीठ गेलं.

मी जिन्याकडे तोंड करून हे सगळं मोठ्याने सांगितलं. मावशींना सांगतोय असं दाखवलं, पण फ्रान्सिसला ऐकू जाईल अशा आवाजात. तो खाली आला, पापडी हातात घेऊन उलटीपालटी केली, वास घेतला.

"म्हणजे मिस्त्रीचा हात चांगला होता," तो म्हणाला.

"चांगला होता," मी म्हटलं.

"मी बोललो होतो जिन्यावरून. त्याने ऐकलं काय?"

"ऐकलं."

फ्रान्सिस पापडी मावशींच्या हातात देऊन म्हणाला, "गाळ्याचं आता काय बोलू नका मावशी. ऱ्हावा तुम्ही." आणि वर गेला.

मी रेल घासून धुतली, पुसली, मोटर बसवली, चारही बोल्ट आवळले. खटका टाकला. मावशींनी गव्हाचा पहिला डबा ओतला, पीठ पडायला लागलं, आणि त्यांनी नेहमीसारखं चिमूटभर घेऊन बोटांत चोळून बघितलं. वरून काही आवाज नाही. थोड्या वेळाने फ्रान्सिस जिन्यात येऊन हळूच म्हणाला, मम्मा झोपली. मावशी खाली बसल्या आणि इतक्या दिवसांचं रडून घेतलं. रडून झाल्यावर डोळे पुसले, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मग शेवटी कोणाचं निघालं? तुमचं की मिस्त्रींचं?"

मी बोलायला तोंड उघडलं. वीज तोडताक्षणी गेलं, म्हणजे तू म्हणालास तेच. दोष पायात, म्हणजे मी म्हणायला हवं होतं ते. त्यावर तू म्हणणार, पाय माझा, पण नारळाचं पाणी कोणी सांडलं? मी म्हणणार, झाडू नका कोणी सांगितलं? तू म्हणणार, आणि ओढतंय कोण? तुझ्याच तारा ना? तुझा शब्दन् शब्द मला ऐकू येत होता, आणि माझी उत्तरंही तयार होती. मावशी वाट बघत होत्या.

"अजून ठरलं नाही, मावशी," मी म्हटलं. "भांडतोय आम्ही."